आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही?

स्वयंपाकघरातल्या नळाची धार करंगळीएवढी झाली की माणूस आधी नळाकडे रागाने बघतो आणि मग प्लंबरला फोन लावतो. मी दोन्ही केलं. नवीन पनवेलमध्ये तळमजला अधिक चार अशा इमारतीत आम्ही सगळ्यात वर राहतो. मे महिन्यातल्या एका सकाळी नुसता कुकर विसळायला इतका वेळ लागला की गॅसवरचं दूध उतू गेलं. प्लंबर आला, "नळ गेला तुमचा" म्हणाला आणि उंच मानेचा चकचकीत नवा नळ बसवून गेला. धार होती तशीच राहिली. खरं सांगायचं तर आणखी बारीक झाली. गाडी पनवेलला उशिरा पोचली म्हणून पनवेलच्या स्टेशनमास्तरला जाब विचारावा, तसा तो प्रकार होता. अडलेलं भलतीकडेच होतं.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी एक लिटरची रिकामी बाटली घ्या. नळ पूर्ण उघडा आणि बाटली किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजा. आठ सेकंदांच्या आत भरली तर मिनिटाला साडेसात लिटरहून जास्त पाणी येतंय. तक्रारीला जागा नाही. दहा-बारा सेकंद लागले तरी भांडी घासायला अडत नाही. वीस सेकंदांच्या पुढे गेलं, म्हणजे मिनिटाला तीन लिटरही नाही, तर खरोखर काहीतरी अडलं आहे. हा आकडा तारीख-वेळेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा. "हल्ली पाणी कमी येतं" या वाक्याने प्लंबर, सोसायटीचा सेक्रेटरी आणि पाणीपुरवठा विभाग यांतला कोणीच हलत नाही. "मार्चमध्ये नऊ सेकंद लागायचे, आता सव्वीस लागतात" असं म्हटलं की समोरचा निदान ऐकून घेतो.

मोजणी सकाळी टाकी भरल्यावर एकदा आणि दुपारी टाकी उतरल्यावर एकदा करा. मग घरातले बाकीचे नळ बघा. मोरीतला, बेसिनचा, शॉवरचा. सगळेच रोडावले असतील तर स्वयंपाकघराच्या नळाला हात लावू नका, त्याचा दोष नाही. फक्त स्वयंपाकघरच रडत असेल तर आणखी एक चौकशी करायची, आणि बहुतेकांची चूक इथेच होते: आपण समोरच्या दारातल्या काकूंना विचारतो. त्यांचा काही संबंध नसतो. आपल्याकडच्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून वेगवेगळ्या लाइनी खाली उतरतात. एक लाइन एकाखाली एक असलेल्या स्वयंपाकघरांची, एक मोऱ्यांची, बऱ्याच ठिकाणी फ्लशची वेगळी. म्हणजे तुमच्या सिंकचं पाण्याचं नातं शेजारच्या घराशी नाही, वरच्या आणि खालच्या सिंकशी आहे. जिना उतरून खालच्या घरी विचारा, "वहिनी, तुमच्या सिंकला पाणी कसं आहे?" त्यांचंही कमी असेल तर बिघाड गच्चीवर आहे. त्यांचं धो धो आणि तुमचंच बारीक, तर शोध तुमच्या ओट्याखाली. अर्थात वरच्या मजल्याची स्वतःची एक वेगळी दुखरी गोष्ट आहे. ती जरा पुढे.

फक्त स्वयंपाकघर, आणि फक्त तुमचंच, असं ठरलं तर पहिला संशयित म्हणजे नळाच्या तोंडाशी असलेली जाळी. दुकानात तिला फोम फ्लो किंवा एरेटर म्हणतात. पाण्यात हवा मिसळून धार फेसाळ आणि मऊ करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत आणि पाणीही वाचतं, हे तिचं काम. पण ती गाळणीही आहे. टाकीतून, पाइपातून जे जे वाहत येतं ते तिथे येऊन बसतं.

ती काढताना सिंकच्या भोकात आधी फडकं कोंबा. आतली रबराची चकती निसटून गेली तर ती परत मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. जाळीभोवती जुना रबरी हातमोजा किंवा कापड गुंडाळून हाताने फिरवा. आपण उभे राहून वरून बघत असतो, त्यामुळे सुटण्याची दिशा उलटी वाटते: वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की ती सुटते. हाताने हलली नाही तरच पाना, आणि तोही कापडावरून. नाहीतर क्रोमवर दातांचे ओरखडे कायमचे राहतात. काही नव्या नळांत जाळी तोंडाच्या आत लपलेली असते. तिच्यासाठी नळाच्या खोक्यात प्लास्टिकची छोटी किल्ली दिलेली असते. ते खोकं आपण पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला दिलेलं असतं, ही गोष्ट निराळी.

जाळी निघाली की धुण्याआधी नळ उघडून बघा. धार जोरात आली तर रोग सापडला. आणि धुण्याआधीच आणखी एक करा: जाळीतला कचरा पांढऱ्या बशीत झटका आणि नीट बघा. डॉक्टरला जसा रिपोर्ट, तशी ही बशी. खरबरीत पांढरा थर असेल तर पाणी जड आहे. आपल्याकडे याचा अर्थ बहुधा बोअरचं किंवा टँकरचं पाणी. धरणांचं पाणी मुळात मऊ असतं, पण सोसायटीने उन्हाळ्यात टँकर मागवले की महिन्याभरात जाळीवर, शॉवरवर आणि गीझरच्या कॉइलवर चुना धरतो. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठिणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टँकरवाल्याला याबद्दल विचारून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.) तपकिरी चिखल असेल तर तो टाकीचा तळ आहे. लालसर, खवल्यांसारखे तुकडे म्हणजे जुन्या लोखंडी पाइपाचा गंज. काळे रबराचे कण दिसले तर कुठला तरी वायसर किंवा ओट्याखालच्या लवचिक कनेक्शन पाइपाचं आतलं रबर कुजतंय. पांढरे चिवट धागे म्हणजे टेफ्लॉन टेप आणि पिवळसर प्लास्टिकचा चुरा म्हणजे सीपीव्हीसी पाइप कापल्याचा भुसा. ही शेवटची दोन्ही प्लंबरचीच देणगी. नवा नळ बसवल्यावर दोन दिवसांत धार कमी झाली, तर नळ बदलण्याआधी जाळी उघडून टेप शोधा.

चिखल असेल तर जुन्या टूथब्रशने आणि उलट्या बाजूने पाणी मारून जातो. चुन्याला आंबट लागतं. अर्धी वाटी व्हिनेगर, किंवा कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल, यात जाळी अर्धा तास बुडवली की बुडबुडे येतात आणि चुना सुटतो. रात्रभर ठेवू नका, मुलामा काळवंडतो. काळा किंवा सोनेरी नळ असेल तर आंबटही जपून वापरा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र अजिबात नको. ते पितळ आणि क्रोम दोन्ही खातं, आणि ब्लीचिंगशी चुकून मिसळलं तर घातक वायू सुटतो. सुटे भाग काढताना क्रमाने मोबाइलवर फोटो काढा, कारण चार चकत्या परत बसवताना पाच प्रकारे बसतात. जाळी तुटली तर ती एकटी मिळते. जुनी बरोबर न्या, कारण आटे आतले की बाहेरचे यावर माप बदलतं.

जाळी काढूनही धार वाढली नाही, तर ओट्याखाली वाका. भिंतीतून बाहेर आलेला छोटा कॉक म्हणजे अँगल कॉक. तो पूर्ण उघडा आहे ना बघा. हसू नका, सिंकखाली डबे सरकवताना त्याला धक्का लागतो, आणि वॉटर प्युरिफायर बसवणारा माणूस तो बंद करून, नंतर अर्धाच उघडून गेलेला असतो. आता निर्णायक चाचणी. अँगल कॉक बंद करा, कनेक्शन पाइपाचं नळाकडचं टोक सोडवून बादलीत धरा आणि कॉक उघडा. बादलीत पाणी जोरात आलं तर दोष नळाच्या पोटात. बादलीतही बारीकच आलं तर कनेक्शन पाइपही काढा आणि थेट कॉकचंच पाणी बघा. तिथे जोर असेल तर पाइप दुमडलाय किंवा आतून फुगलाय. तो बदलायचा, दुरुस्त करत बसायचं नाही. कॉकपाशीच पाणी कमी असेल तर घरातलं तुमचं काम संपलं. एक इशारा मात्र द्यायला हवा: वर्षानुवर्षं न फिरलेला कॉक जोर लावून फिरवला तर तो हातात येतो आणि मग स्वयंपाकघराचा तलाव होतो. आधी त्या लाइनचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद होतो का, हे बघून या. रविवारी संध्याकाळी हा प्रयोग करू नका.

नळाच्या पोटात दोन प्रकार. जुना, दोन-तीन वेढे फिरणारा नळ असेल तर आत स्पिंडलच्या टोकाला वायसर असतो; तो सुटून बैठकीवर पडून राहिला की नळ कितीही उघडा, पाणी त्याच्या कडेकडेनेच येतं. नवा, पाव वेढ्यात उघडणारा नळ असेल तर आत दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यात वाळूचा कण अडकला की भोकं जुळत नाहीत. हे स्पिंडल अख्खंच बदलतात. गरम-थंड एकत्र येणारा मिक्सर असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. फक्त गरम बारीक असेल तर संशय गीझरवर किंवा त्याच्या आधीच्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर, नळावर नाही.

आता गच्ची. पनवेलमध्ये नळाची तक्रार पंचांग बघून येते, आणि याचं कारण आपल्या पाण्याच्या मुळाशी आहे. जुन्या शहराचं स्वतःचं धरण देहरंगचं, माथेरानच्या डोंगरातून येणाऱ्या गाढी नदीवर. पावसाळ्यात ते भरून वाहतं, पण उन्हाळा पुरवत नाही. मग महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून पाणी घ्यावं लागतं. प्राधिकरणाचं पाणी पाताळगंगेचं: खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात वीज करून सुटलेलं पाणी त्या नदीत उतरतं म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि ते पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन इकडे येतं. खारघर, उलव्याकडे हेटवणे धरणाचं पाणी, कामोठ्याकडे मोरबेचं. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवला, की तो सुरू झाल्यावर पहिलं पाणी गढूळ येणार हे ठरलेलं.

या सगळ्याचा तुमच्या सिंकशी संबंध असा. टाकी नेहमी अर्धी भरलेली असते तेव्हा तळाचा गाळ तळाशीच राहतो. एप्रिल-मेमध्ये पाणी दिवसाआड झालं की टाकी तळाला जाते, आणि तो वर्षभराचा गाळ पाण्याबरोबर खाली उतरतो. त्यातून सगळ्यात वरच्या घरांच्या पाइपांत हवा शिरते. टाकी पुन्हा भरली तरी ती हवा वळणांत अडून बसते. नळ खोकतो, थुंकतो, मग बारीक होतो. अशा वेळी त्या लाइनवरचे नळ खालच्या घरापासून सुरू करून सगळे पूर्ण उघडायचे आणि दहा-पंधरा मिनिटं सोडायचे. बादल्या लावून ठेवा, मेमध्ये ते पाणी वाया घालवणं बघवत नाही. तरीही हवा निघेना, तर गच्चीवर त्या लाइनला वर तोंड करून उभी असलेली उघडी नळी शोधा. ती हवा निघून जाण्यासाठीच असते. कबुतरं, पानं, नाहीतर कोणीतरी शहाणपणाने ठोकलेलं बूच, यांपैकी काहीतरी तिच्यात सापडतं. आणि सोसायटीने टाकी धुवायला काढली असेल त्या दिवशी एवढं नक्की करा: पाणी परत सुरू होण्याआधी घरातल्या सगळ्या नळांच्या जाळ्या काढून ठेवा. पहिला गढूळ लोंढा उघड्या तोंडातून जाऊ द्या, मग बसवा. पाच मिनिटांच्या या कामाने आमच्या इमारतीतल्या निम्म्या तक्रारी थांबल्या.

गच्चीवर दुसरा संशयित गेट व्हॉल्व्ह. कोणाच्या तरी घरी काम निघतं, प्लंबर लाइन बंद करतो, जाताना चार वेढे उघडतो आणि दोन विसरतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे आतली चकती दांड्यावरून निसटून पडलेली. वरचं चाक छान फिरतं, पूर्ण उघडल्यासारखं वाटतं, पण चकती खाली अर्धं तोंड झाकून बसलेली. आमच्या घरचं दुखणं नेमकं हेच निघालं. खालच्या सगळ्या मजल्यांवर स्वयंपाकघरात पाणी कमी होतं. पण त्यांच्याकडे मुळात दाब जास्त, त्यामुळे त्यांना ते टोचलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा कुठे त्यांनी आपापल्या बाटल्या भरून बघितल्या. व्हॉल्व्ह बदलला, दुसऱ्या दिवशी आमची बाटली अकरा सेकंदांत भरली. आता प्रत्येक व्हॉल्व्हवर रंगाने घरनंबर आणि "किचन", "मोरी" असं लिहिलंय.

वरच्या मजल्याची दुखरी गोष्ट म्हणजे साधं गणित आहे. टाकीपासून नळापर्यंतची उंची हाच दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. गच्चीपासून टाकीचा तळ दीड मीटर वर, मजला तीन मीटरचा आणि सिंकचा नळ जमिनीपासून मीटरभर वर धरला, तर चौथ्या मजल्याला मिळतात साडेतीन मीटर आणि तळमजल्याला साडेपंधरा. दाब जवळजवळ साडेचारपट. पाणी मात्र त्याच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे खाली साधारण दुप्पट. म्हणून वरच्या मजल्यावर टाकी भरलेली आणि उतरलेली यातला फरकही बाटलीत दिसतो. हा बिघाड नव्हे. तो साफसफाईने जाणार नाही.

मग उपाय काय? नळ विकत घेताना दुकानदाराला विचारा, याला कमीत कमी दाब किती लागतो? बरेच देखणे नळ एक किलोच्या आसपास दाब गृहीत धरून बनवलेले असतात. वरच्या मजल्यावर त्यांच्या वाट्याला एक तृतीयांशच येतो. आमच्या नव्या नळाची धार जुन्यापेक्षा बारीक का, हे त्या दिवशी कळलं. अशा घरात मोठ्या भोकाचा, साध्या स्पिंडलचा नळ बरा. जाळीच्या आत पाणी रोखणारी रंगीत प्लास्टिकची चकती असेल तर ती काढा, जाळी ठेवा. पाण्याची बचत करायला सांगणारा मीच हे सांगतोय, पण मिनिटाला चार लिटर येत असताना त्यातही कपात करण्यात शहाणपण नाही. पूर्ण जाळीच फेकून द्यायचा सल्ला प्लंबर देतात, तो मानू नका. शिंतोड्यांनी ओटा भिजतो आणि गाळ भांड्यात येतो. सगळ्या वरच्या घरांनी मिळून गच्चीवर टाकीच्या पुढे छोटा प्रेशर पंप बसवणं हा खरा इलाज. पंप टाकीच्या पुढे, म्हणजे उतरत्या लाइनवर. सार्वजनिक जलवाहिनीच्या जोडणीला थेट पंप लावणं बेकायदा तर आहेच. शिवाय तो शेजाऱ्यांचं पाणी ओढतो आणि वाहिनीला कुठे चीर असेल तर बाहेरचं गटाराचं पाणीही आत खेचतो.

जुन्या पनवेलची, टपाल नाका, लाइन आळी अशा भागांतली घरं वेगळी. १८५२ सालची नगरपालिका, २०१६ मध्ये तिची महापालिका झाली, पण भिंतीतले लोखंडी पाइप मात्र आजोबांच्या काळातले. अर्ध्या इंची पाइपात गंज चढत चढत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरतं. व्यास निम्मा झाला की वाट चौथाई होते आणि पाणी त्याहूनही कमी. सकाळचं पहिलं तांबूस पाणी ही त्याची खूण. इथे ठोकाठोकी, आंबट, हवा काढणं, सगळं तात्पुरतं. ठोकल्याने उलट खपल्या सुटून पुढच्या वळणात अडकतात. भिंतीत फोडाफोड न करता बाहेरून नवी सीपीव्हीसी लाइन ओढणं स्वस्त आणि टिकाऊ पडतं. दिसायला वाईट दिसते. दिसू द्या.

थेट वाहिनीवरच्या घरात सगळ्या गल्लीलाच पाणी कमी असेल तर तक्रार करा, पण योग्य दारात. शहर, सिडकोचे नोड, गावठाण, प्रत्येकाचं पाणी वेगळ्या हातातून येतं. पाणीबिलावर ज्या कार्यालयाचं नाव छापलंय तेच तुमचं दार. अर्जात गल्लीतल्या चार-पाच घरांचे बाटलीचे सेकंद आणि वेळा लिहा.

आमचा जुना नळ मी टाकून दिला नव्हता. नवा नळ काढून तोच परत सिंकवर बसवला, नवा वायसर घालून. चकचकीत नळ बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला लावलाय. तुळशीला तेवढी धार पुरते.